निक ड्रेक : न खपलेल्या तीन रेकॉर्ड आणि त्या जपणारी माणसं

रत्नागिरीत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला थिबा राजा कोण, हे सांगावं लागत नाही. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये आमच्या गावात आणून ठेवलं. 1910 मध्ये त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा पूर्ण झाला आणि 1916 मध्ये तो इथंच वारला. शाळांच्या सहली राजवाड्यावर जातात, संध्याकाळी माणसं थिबा पॉइंटवर फिरायला जातात; पण त्याचं राज्य नेमकं कशापायी गेलं, हे सहसा कुणी विचारत नाही. त्यामागच्या कारणांत सागवानाचे ओंडके होते. 1863 मध्ये मुंबईत स्थापन झालेली ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी ब्रह्मदेशाच्या जंगलातून साग काढत असे. ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवल्याचा ठपका ठेवून थिबाच्या दरबारानं 1885 मध्ये कंपनीला जबर दंड ठोठावला. त्या भांडणाचं निमित्त करून इंग्रजांनी नोव्हेंबरात मंडालेवर चाल केली आणि महिना संपायच्या आत राजा कैद झाला.

काही वर्षांपूर्वी मी या कंपनीवर टिपणं काढत होतो. मी कुठल्या विद्यापीठाचा माणूस नाही. नोकरी सांभाळून जुने कागद वाचायची सवय आहे, एवढंच. कंपनीत काम केलेल्या इंग्रजांची नावं गोळा करताना रॉडनी ड्रेक या इंजिनीअरचं नाव आलं. 1930 नंतरच्या दशकाच्या सुरुवातीला ते रंगूनला रुजू झाले होते. पण त्यांच्याविषयी जिथं जिथं वाचलं, तिथं कंपनीचा उल्लेख ओळीपुरता आणि ओळख वेगळीच : गायक-गीतकार निक ड्रेक याचे वडील. हे नाव मी ऐकलं नव्हतं. कुतूहल म्हणून एका रात्री त्याचं एक गाणं लावलं आणि थिबा राजाची टिपणं पुढचे सहा महिने तशीच पडून राहिली.

निक ड्रेकची गोष्ट सहसा अशी सांगतात : एक देखणा, लाजाळू इंग्रज मुलगा होता. त्यानं तीन अप्रतिम रेकॉर्ड काढल्या, त्या कुणी विकत घेतल्या नाहीत, तो खचला आणि सव्विसाव्या वर्षी गेला. पंचवीस वर्षांनी एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचं गाणं वाजलं आणि जगाला तो सापडला. यातला प्रत्येक तपशील खरा आहे, तरीही गोष्ट अर्धीच आहे. पंचवीस वर्षांनी ‘सापडण्या’साठी एखादी वस्तू पंचवीस वर्षं कुठंतरी टिकून असावी लागते. ती कुणी टिकवली, कशी टिकवली, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. या लेखात मला मुख्यतः ते सांगायचं आहे.

रंगून ते टॅनवर्थ

निकची आई मॉली हिचा जन्म 1915 मध्ये रंगूनचाच. तिचे वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये वरच्या हुद्द्यावर होते. 1937 मध्ये तिचं रॉडनी ड्रेकशी लग्न झालं. 1942 मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या, तेव्हा हजारो निर्वासितांसारखी मॉली आणि तिची बहीण नॅन्सी हिंदुस्थानात आल्या. दिल्लीत असताना या दोघी बहिणी ‘लॉइड सिस्टर्स’ या नावानं ऑल इंडिया रेडिओवर गात. मॉली पियानोवर बसायची. युद्धाच्याच काळात, 1944 मध्ये, लाहोरला मुलगी झाली. तिचं नाव गॅब्रिएल. युद्ध संपल्यावर कुटुंब रंगूनला परतलं आणि 19 जून 1948 रोजी तिथं निकचा जन्म झाला. ब्रह्मदेश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. इंग्रज कंपन्यांचे तिथले दिवस संपत आले होते. दोन-चार वर्षांत ड्रेक मंडळी कायमची इंग्लंडला परतली आणि वॉरिकशायरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात ‘फार लेज’ नावाच्या घरात राहू लागली. ब्रह्मदेशातली कारेन जमातीची आयाही त्यांच्याबरोबर त्या खेड्यात आली. रॉडनी पुढं एका इंजिनीअरिंग कंपनीचे प्रमुख झाले.

या घराच्या दिवाणखान्यात दोन वस्तू होत्या, एक पियानो आणि एक टेपरेकॉर्डर. मॉली घरातली कामं उरकली की पियानोवर बसून स्वतः रचलेली गाणी म्हणायची. ही गाणी कुठं छापायला दिली नाहीत, की बाहेर कधी म्हटली नाहीत. रॉडनी इंजिनीअर, त्यांना यंत्रांची हौस. बायको गायला बसली की ते टेप चालू करत. लहानग्या निकनं पियानो याच खोलीत शिकला आणि स्वतःची पहिली गाणी याच यंत्रावर टेप केली. दिवाणखान्यातला हा टेपरेकॉर्डर वाचकांनी लक्षात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

सा प सा म सा ग

निकचं शिक्षण तिथल्या सुखवस्तू घरातल्या मुलांसारखं झालं. आधी निवासी शाळा, मग मार्लबरो कॉलेज. वडील आणि आजोबाही तिथंच शिकलेले. पुढं दंतकथेनं त्याला जन्मजात एकलकोंडा करून टाकला असला, तरी शाळेतला निक चांगला धावपटू होता. तो रग्बी खेळायचा, वाद्यवृंदात वाजवायचा आणि शेवटी आपल्या हाउसचा कॅप्टनही झाला. 1965 मध्ये त्यानं 13 पौंडांना पहिली गिटार घेतली. केंब्रिजला जाण्यापूर्वी, 1967 मध्ये, तो काही महिने दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्स या गावी राहिला. त्याचा गिटारवर खरा हात बसला तो तिथं.

या हाताविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं. गिटारच्या सहा तारा साधारणपणे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. तारा लावण्याची ही पद्धत सगळ्यांच्या सोयीची. कुठलंही गाणं, कुठलाही सूर त्यावर निघतो. निक मात्र बऱ्याच गाण्यांसाठी तारा वेगळ्या लावायचा. ‘पिंक मून’ या गाण्यासाठी त्यानं लावलेल्या तारा आहेत सी, जी, सी, एफ, सी, ई. ‘सी’ला षड्ज मानून हे आपल्या भाषेत वाचलं की एकदम उजेड पडतो : सा, प, सा, म, सा, ग. सहापैकी तीन तारा षड्जाच्या! बोट न लावता नुसती गिटार छेडली तरी तंबोऱ्यासारखा भरणा मिळतो. त्या भरण्यावर अंगठा खालच्या तारांवर ठेका धरून चालतो, बाकीची बोटं वर नक्षी काढतात आणि या सगळ्याच्या थोडा मागून, सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज येतो. त्याच्या गिटारवर दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं, त्याचं कारण हे आहे. निकनं आपलं संगीत ऐकलं होतं की नाही, या वादात मी पडत नाही. आपल्या कानाला ते ओळखीचं का वाटतं, एवढंच मला सांगायचं आहे.

‘रिव्हर मॅन’ हे त्याचं गाणं पाच मात्रांच्या आवर्तनात आहे, म्हणजे आपला अर्धा झपताल. इंग्रजी गाण्यात हे विरळाच. पण ऐकताना मात्रा मोजाव्याशा वाटत नाहीत. नदी वाहतेय आणि काठावरचा माणूस तिच्याकडे पाहतोय, एवढंच जाणवतं.

तीन रेकॉर्ड

1967 च्या ऑक्टोबरात निक इंग्रजी साहित्य शिकायला केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात गेला. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला लंडनच्या राउंडहाउसमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या नावाजलेल्या लोकगीत-रॉक वाद्यवृंदाचा बासगिटारवादक ॲशली हचिंग्ज तिथं होता. त्यानं हे नाव आपल्या निर्मात्याला, जो बॉइडला, कळवलं. बॉइड पंचविशीतला अमेरिकन. त्यानं निकच्या चार गाण्यांची टेप ऐकली आणि लगेच करार केला. म्हणजे विशी गाठण्याआधीच निकला देशातला एक उत्तम निर्माता मिळाला होता. ‘जगानं झिडकारलेला कलावंत’ या चित्रात ही गोष्ट बसत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

पहिली रेकॉर्ड ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ 1969 मध्ये आली. सिगारेटी वळायच्या कागदाच्या पाकिटात शेवटचे पाच कागद उरले की तशी सूचना देणारा एक कागद यायचा, त्यावरून हे नाव. तारवाद्यांचं संयोजन करायला बॉइडनं आधी एका व्यावसायिक संयोजकाला बोलावलं होतं. ते निकला पटलं नाही. एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या या मुलानं शांतपणे सांगितलं, की केंब्रिजमधला माझा मित्र हे करील. तो मित्र म्हणजे रॉबर्ट कर्बी, संगीत शिकणारा विद्यार्थी. व्यावसायिक कामाचा अनुभव शून्य. त्यानं जे केलं ते आज अभ्यासलं जातं. फक्त ‘रिव्हर मॅन’ आपल्याला पेलणार नाही असं कर्बीनंच प्रांजळपणे सांगितलं आणि ते काम चित्रपटसंगीतातल्या हॅरी रॉबिन्सन यांनी केलं. रेकॉर्ड हातात आल्यावर निक बहिणीच्या खोलीत गेला, ती तिच्या पलंगावर टाकली, ‘ही घे’ अशा अर्थाचे दोन शब्द बोलला आणि निघून गेला, अशी आठवण गॅब्रिएलनं सांगितली आहे. आपला भाऊ रेकॉर्ड करतोय याचा तिला पत्ताही नव्हता. घरात तोवर प्रसिद्ध होती ती गॅब्रिएलच. ती अभिनेत्री झाली होती आणि पुढं ‘यूएफओ’ या दूरचित्रवाणी मालिकेतून घराघरांत पोचली.

पदवीला नऊ महिने उरले असताना निकनं केंब्रिज सोडलं. पदवी म्हणजे खाली धरलेली जाळी असते, पडलास तर उपयोगी येईल, असं वडिलांनी त्याला पत्रातून समजावलं. त्यावर निकचं म्हणणं, की ती जाळीच मला नको आहे. ही आठवण रॉडनींनीच नंतर सांगितलेली आहे.

दुसरी रेकॉर्ड ‘ब्रायटर लेटर’ मार्च 1971 मध्ये आली. हिच्यात ड्रम्स आहेत, पितळी वाद्यं आहेत, गाजलेले वादक आहेत. ही तरी चालेल असं सर्वांना वाटत होतं. ती तीन हजार प्रतीही खपली नाही. एव्हाना बॉइडनं आपली निर्मितीसंस्था ‘आयलंड’ या कंपनीला विकली होती आणि तो अमेरिकेला निघून गेला होता.

तिसरीची कथा सर्वांत थोडक्यात सांगता येते. 1971 च्या ऑक्टोबरात निकनं ध्वनिमुद्रक जॉन वूड याला फोन केला. चेल्सीमधला ‘साउंड टेक्निक्स’ स्टुडिओ दिवसा इतरांना दिलेला असायचा, म्हणून दोघं रात्री अकराला कामाला बसले. दोन रात्रींत अकरा गाणी झाली. खोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं, गिटार आणि आवाजाशिवाय काही नव्हतं. फक्त एका गाण्यात निकनं नंतर पियानोचे काही सूर घातले. यावर आणखी काय चढवायचं, असं वूडनं विचारलं. काही नाही, असं उत्तर आलं. ‘पिंक मून’ अवघ्या अठ्ठावीस मिनिटांची आहे. 1972 च्या फेब्रुवारीत ती बाजारात आली आणि आधीच्या दोन रेकॉर्डच्याच वाटेनं गेली. निकच्या हयातीत तिन्हींपैकी एकीचीही पाच हजार प्रतींपर्यंत मजल गेली नाही.

का खपल्या नाहीत?

याचं उत्तर ‘लोकांना कळलं नाही’ असं देणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. त्या काळी रेकॉर्ड खपायची ती गायक गावोगाव हिंडून गायचा म्हणून. ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’च्या आधी 1969 च्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये निक गायला, तिथं लोकांनी शांतपणे ऐकलं. पण त्यानंतर वाट्याला आले ते क्लब आणि कॉलेजांचे कार्यक्रम. तिथं लोक पीत, बोलत, ग्लास वाजत. अशा ठिकाणी पट्टीचा लोकगीतकार दोन गाण्यांच्या मध्ये किस्सा सांगतो, विनोद करतो. निक बोलायचा नाही. आणि गंमत पाहा, वर ज्या तारांचं कौतुक केलं त्यांनीच इथं घात केला. प्रत्येक गाण्याला तारा वेगळ्या. हातात गिटार एकच. सूर दाखवणारी आजची खिशात मावणारी यंत्रं तेव्हा नव्हती. तो मान खाली घालून मिनिटामिनिटानं खुंट्या पिळत बसायचा आणि समोरची गडबड वाढत जायची. 1970 च्या जूनमध्ये एका कॉलेजातल्या कार्यक्रमात गाणं अर्ध्यावर सोडून तो मंचावरून उतरला. मुलाखत म्हणाल तर ‘साउंड्स’ या साप्ताहिकाला 1971 मध्ये दिलेली एकच छापली गेली. मोठेपणीचा निक गाताना तर सोडाच, चालताना दिसेल अशी चित्रफीतही आज उपलब्ध नाही.

म्हणजे गाणं खोलीचं होतं आणि बाजार सभागृहाचा. यात खलनायक कुणी नाही. कंपनी त्याला आठवड्याला ठरावीक पैसे देत राहिली, निर्मात्यानं विश्वास टाकला, ध्वनिमुद्रक मध्यरात्री दार उघडून बसला. तरीही गाणं पोचलं नाही. असं होऊ शकतं, हे स्वीकारणं दंतकथेपेक्षा अवघड जातं.

फार लेजमधली वर्षं

1971 पासून निकची प्रकृती ढासळत गेली. तो आईवडिलांकडे राहायला परतला. 1972 मध्ये काही आठवडे त्याला मानसोपचारासाठी रुग्णालयात ठेवावं लागलं. या काळाबद्दल भरपूर काव्यमय लिहिलं गेलंय. पण ज्याला खरं जाणून घ्यायचं आहे त्यानं रॉडनींची डायरी वाचावी. गॅब्रिएलनं 2014 मध्ये ‘रिमेंबर्ड फॉर अ व्हाइल’ या ग्रंथात तिचे अंश छापले. तिच्यात काव्य नाही. आजारी मुलाच्या बापाची रोजची नोंद आहे. निक गाडी काढून निघायचा, पेट्रोल संपेपर्यंत नुसता चालवत राहायचा आणि मग फोन करायचा, की न्यायला या. बाप जायचा. ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांना या नोंदी समजावून सांगाव्या लागणार नाहीत. आजारामुळे माणूस थोर होतो, हा समज त्या वाचल्यावर टिकत नाही. आजार गाणी देत नव्हता, नेत होता. शेवटच्या अडीच वर्षांत त्याच्या हातून जेमतेम पाच गाणी ध्वनिमुद्रित झाली, तीही 1974 मध्ये, बॉइड आणि वूड या जुन्याच माणसांच्या आधारानं.

त्या वर्षी तो काही दिवस पॅरिसला राहून आला, तेव्हा आईला तो जरा सावरल्यासारखा वाटला होता. 25 नोव्हेंबर 1974 च्या पहाटे तो आपल्या खोलीत गेला. त्याला दिलेलं नैराश्यावरचं औषध प्रमाणाबाहेर पोटात गेलं होतं. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष नोंदवला गेला. जवळच्या काही जणांना तो कधीच पटला नाही. आपण बाहेरच्यांनी त्यात निकाल देऊ नये. त्याच्या अस्थी खेड्यातल्या चर्चच्या आवारात एका ओक वृक्षाखाली आहेत.

जपणारी माणसं

इथून पुढची गोष्ट सहसा थेट 1999 वर उडी मारते. मधली पंचवीस वर्षं पाहू.

पहिला जपणारा जो बॉइड. आपली संस्था ‘आयलंड’ला विकताना त्यानं एक अट घातली होती, असं तो आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगतो : निकच्या रेकॉर्ड यादीतून कधी काढायच्या नाहीत. न खपणारा माल कंपन्या बाद करतात, मग तो कुठंच मिळत नाही. या अटीमुळं कुणी दुकानात जाऊन मागितलीच, तर ती रेकॉर्ड मागवता यायची. मागणारे थोडे होते, पण होते. 1979 मध्ये तिन्ही रेकॉर्ड आणि शेवटची काही गाणी ‘फ्रूट ट्री’ या नावानं एका पेटीत काढली गेली. तीही फार खपली नाही आणि काही वर्षांनी बंद झाली. बॉइडनं 1986 मध्ये स्वतःच्या ‘हॅनिबल’ या कंपनीतर्फे ती पुन्हा काढली.

दुसरे जपणारे म्हणजे आईवडील. मुलगा गेल्यावर फार लेजच्या दारात अनोळखी पोरं येऊ लागली. कुठून कुठून निकची गाणी ऐकून, पत्ता शोधत. आपल्या मरणाविषयी कुतूहल घेऊन आलेल्या अशा परक्यांना किती घरं आत घेतील? रॉडनी आणि मॉली त्यांना चहा द्यायचे, निकची खोली दाखवायचे आणि रॉडनी त्यांना घरातल्या टेपवरची न छापलेली गाणी कॉपी करून द्यायचे. त्या कॉप्यांच्या कॉप्या होऊन हाताहाती फिरल्या. आपल्याकडे मैफलींच्या खाजगी टेपा जशा घराघरांत फिरल्या, तसंच हे. ज्या तरुणांनी त्या ऐकल्या त्यांतले काही पुढं स्वतः गायक झाले, काही पत्रकार. ‘ड्रीम ॲकॅडमी’ या वाद्यवृंदानं 1985 मध्ये आपलं गाजलेलं गाणं निकला अर्पण केलं. 1997 मध्ये पॅट्रिक हम्फ्रीज यांनी चरित्र लिहिलं.

मग 1999. फोक्सवागेनच्या जाहिरातीत चार तरुण चांदण्या रात्री उघड्या मोटारीतून चाललेत, पार्श्वभूमीला ‘पिंक मून’. मुक्कामावर पोचतात, आतल्या पार्टीचा गोंगाट ऐकतात आणि न उतरताच गाडी वळवतात. गोंगाटात कधी न टिकलेल्या गाण्याला याहून चपखल दृश्य मिळणं अवघड. अमेरिकेत त्या रेकॉर्डचा खप पाहता पाहता कित्येक पटींनी वाढला. जाहिरातीचं श्रेय मी नाकारत नाही. पण जाहिरात करणाऱ्यांच्या कानावर ते गाणं आलं कसं? कुणीतरी ते ठेवलं होतं म्हणून.

हे ठेवणं अजून संपलेलं नाही. 2025 मध्ये ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ कशी घडली ते उलगडणारा चार तबकड्यांचा संच निघाला. त्यात 1968 मधल्या निकच्या पहिल्यावहिल्या स्टुडिओ बैठकीचं ध्वनिमुद्रण आहे. ती टेप गायिका बेव्हर्ली मार्टिननं पन्नासहून अधिक वर्षं घरी सांभाळून ठेवली होती. केंब्रिजमधल्या एका सहविद्यार्थ्यानं टेप केलेली दुसरी रीळही त्यात आहे. दोघांनाही त्या वेळी तिचं मोल ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. टाकून दिली नाही, इतकंच.

दिवाणखान्यातली गाणी

आता त्या टेपरेकॉर्डरकडे येतो. 2007 मध्ये निकची घरगुती ध्वनिमुद्रणं ‘फॅमिली ट्री’ या नावानं निघाली, तेव्हा त्यात मॉलीचीही दोन गाणी घातली होती. ऐकणारे चमकले. 2013 मध्ये तिच्या एकोणीस गाण्यांचा स्वतंत्र संग्रह आला. रॉडनींनी 1950 नंतरच्या दशकात टेप केलेली गाणी. स्वच्छ करून दिली ती पुन्हा त्याच जॉन वूडनं. मॉली 1993 मध्ये गेली होती. आपलं गाणं परक्यांनी ऐकलेलं तिनं पाहिलं नाही.

ही गाणी दोन-दोन मिनिटांची आहेत. सरळ शब्द, थोडा विनोद, आणि त्याच्या आड एकदम खोल उतरलेलं दुःख. स्वराकृती अपेक्षेपेक्षा एक पाऊल बाजूला पडते, आवाज कधी चढत नाही. निकच्या स्वररचनांचं मूळ त्याच्या आईच्या पियानोत आहे, असं बॉइडनं ती ऐकून म्हटलं. मलाही तसंच वाटलं. ज्याला चरित्रकार कुणाकुणाच्या प्रभावात शोधत होते, त्याचा धागा घरातच होता. चूल-मूल सांभाळून गाणाऱ्या बाईला गुरुस्थानी मानायचं कुणाला सुचलं नव्हतं. एका इंजिनीअरनं कौतुकापोटी बटण दाबलं नसतं, तर ते आजही कळलं नसतं.

इथं थोडं स्वतःचं सांगतो. माझी आई मंगळागौरीची गाणी म्हणायची आणि त्यांत स्वतःची कडवी घालायची. गल्लीतल्या बायकांची नावं गुंफलेली, कधी सासूला हळूच चिमटा काढणारी. वडिलांनी एकदा शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून ती एका कॅसेटवर घेतली होती, वर ‘सौ.ची गाणी’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. 1984-85 च्या सुमारास, तेरा-चौदा वर्षांचा असताना, मी त्या कॅसेटवर विविध भारतीवरची सिनेमाची गाणी घेतली. आई काही बोलली नाही. ती जाऊन आता अकरा वर्षं झाली. कॅसेट माझ्याकडे आहे. दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी, सिनेमाचं गाणं तुटतं तिथं, अर्धं कडवं शिल्लक राहिलंय. त्यात कुणा काकूंचं नाव येतं, मग बायका हसतात आणि फीत संपते.

निक ड्रेक ऐकावासा वाटला, तर ‘पिंक मून’पासून सुरुवात करावी. रात्री, एकट्यानं, अर्धा तासही लागत नाही. मग ‘रिव्हर मॅन’. आणि त्यानंतर त्याच्या आईची गाणी ऐकायला विसरू नये. मी हा लेख लिहायला घेतला तो एका गायकावर, पण लिहून झाल्यावर लक्षात येतंय की मला रॉडनी ड्रेक यांचा हेवा वाटतो. ज्या कंपनीच्या कागदात ते मला भेटले, तिच्यापायी एक राजा माझ्या गावात येऊन परक्यासारखा मेला; आणि त्याच कंपनीत काम केलेल्या या माणसानं आपल्या घरातलं गाणं तेवढं जपून ठेवलं. गेल्या श्रावणात मी गल्लीतल्या दोन वृद्ध काकूंकडे मोबाइल घेऊन गेलो होतो. आईची चार कडवी त्यांना येत होती. ती आता टेप झाली आहेत.